सप्त्याची कीर्तनं डिस्कवर चढवताना

आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यात. गावच्या सप्त्याची सात रात्रीची कीर्तनं आणि काल्याचं एक, अशी आठ रेकॉर्डिंग मी महाराजांना विचारून रेकॉर्डरवर घेतली होती. थोरल्या काकांनी फर्मान काढलं की मंदिराला आणि चार म्हाताऱ्यांना याच्या डिस्क करून दे. पेन ड्राइव्ह का नको? कारण मागच्या वर्षी दिलेल्या पेन ड्राइव्हवरची कीर्तनं पुसून नातवाने त्यात डीजेची गाणी भरली. एकदा लिहून बंद केलेल्या डिस्कवर असलं काही चालत नाही.

हिशोब मला सोपा वाटला. पहिल्या चार दिवसांचं फोल्डर ४.५१ जीबी, उरलेल्या चारांचं ४.०२. डिस्कवर छापलेलं ४.७ जीबी. म्हणजे दोन डिस्क, विषय संपला. अंबाजोगाईत तीन दुकानं फिरल्यावर कोऱ्या डीव्हीडी मिळाल्या, त्याही मागच्या खोलीतल्या खोक्यातून.

घरी येऊन पहिलं फोल्डर सॉफ्टवेअरमध्ये टाकलं, तर पट्टी लाल. जागा अपुरी! वर कोऱ्या डिस्कची जागा दाखवतंय ४४८९ एमबी. माझ्या डोक्यात एकच आलं: दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला. दुसऱ्या दिवशी पंधरा किलोमीटर गाडी मारून त्याच्याशी वाद घालायला गेलो. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "सगळ्याच डिस्क अशाच असतात, सर. कोणतीबी लावून बघा." त्याने त्याच्या मशीनमध्ये दुसऱ्या कंपनीची लावली. तिथेही आकडा तेवढाच. मान खाली घालून परत आलो.

उत्तर माझ्यासमोरच होतं. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ४.५१ जीबीच्या पुढे कंसात बाइट्सचा पूर्ण आकडा असतो, तो मी कधी वाचलाच नव्हता. ४,८४,२५,७५,६२४. आणि एकदाच लिहिता येणाऱ्या या डीव्हीडी-आरवर मावतात ४,७०,७३,१९,८०८ बाइट्स. डिस्कवाले १०० कोटी बाइट्सना एक जीबी म्हणतात. विंडोज १०२४ ला १०२४ ने दोनदा गुणतं आणि १,०७,३७,४१,८२४ बाइट्सना एक जीबी म्हणतं. नाव एकच, माप वेगळं. त्यामुळे डिस्कचे ४.७ म्हणजे विंडोजच्या भाषेत ४.३८. छापील जीबीला १.०७४ ने भागायचं, एवढंच.

काकांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "म्हणजे कडता कापला म्हण की." आडतीवर सोयाबीन घालून घालून त्यांना सगळीकडे कडताच, म्हणजे मालाच्या वजनातली कपातच, दिसतो. म्हटलं, नाही काका, कापलं काहीच नाही, हा कच्चा शेर आणि तो पक्का शेर. हे मात्र त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं.

आता दोन्ही फोल्डर मिळून ८.५३ आणि दोन डिस्क मिळून ८.७६, म्हणजे एकूण जागा होती. अडचण वाटणीची होती. कीर्तन मधून तोडायचं नव्हतं. तिसऱ्या दिवसाचं दोन तासांचं कीर्तन १.१९ जीबीचं होतं आणि सहाव्या दिवसाचं १.०२ चं. त्यांची अदलाबदल केली तर एकीकडे ४.३४, दुसरीकडे ४.१९. बसलं! पण काका अडून बसले. "तिसऱ्याच्या जागी सहावा दिवस? लोक काय म्हणतील?" शेवटी डिस्कवर मार्करने दिवस लिहून द्यायचं ठरलं, तेही कुरकुरत.

तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या. त्यांच्या प्लेअरमध्ये डीव्हीडी चालत नाही, पण एमपी३ ची सीडी चालते. एकूण १४ तास २५ मिनिटांचा आवाज ७०० एमबीत बसवायचा. १२८ च्या बिटरेटला (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट) फायली ७९२ एमबी झाल्या. ११२ ला ६९३. आता मी शहाणा झालो होतो ना! डीव्हीडीसारखाच हिशोब लावून (फक्त एमबीला १.०४८६ ने भागून) म्हटलं, छापील ७०० म्हणजे खरे ६६८ च, ६९३ कशा बसतील? म्हणून ९६ ला केलं. मृदंग बरा वाजला, पण टाळांचा आवाज पत्र्याचा डबा हलवल्यासारखा.

आणि सीडीची गंमत अशी की तिचे ७०० एमबी विंडोजच्याच मापाचे असतात. तिच्यावर ७३,७२,८०,००० बाइट्स मावतात, म्हणजे ७०३ एमबी. ११२ वाल्या फायली आरामात बसल्या असत्या. एका कारखान्याच्या दोन चकत्या आणि मापं दोन. यावर वैतागावं की हसावं? आजींची सीडी मी परत नवी केली. टाळ आता टाळासारखे वाजतात.

पुढच्या वर्षीचा हिशोब मात्र आत्ताच मांडून ठेवलाय. रेकॉर्डिंगला सेकंदाला १,७६,४०० बाइट्स लागतात, तेव्हा चार कीर्तनं क्रमाने एका डिस्कवर हवी असतील तर प्रत्येक १ तास ५१ मिनिटांत आटपायला हवं. काकांना हे सांगितलं. ते बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरोबर हाय. पण हे महाराजांना तू सांगायचं."