धरण

"मावशी, तू आता बोलत नाहीयेस. म्हणजे खरंच खेळतेयस."

भाच्याने हे मान वर न करता सांगितलं. सकाळी गावाकडच्या ओढ्यावर तो दगडांचं धरण बांधत होता. मी काठावर बसून एकीकडे ऑफिसचे मेसेज बघत होते, दुसरीकडे त्याला फुकटचे सल्ले देत होते. एक चपटा दगड काही केल्या बसेना, म्हणून हात घातला. फटीत चिखल लिंपला. पाणी बाजूने निसटलं. परत लिंपला. पाऊण तास कुठे गेला कळलंच नाही. नखांत अजून चिखल आहे.

येताना कार्ल युंग आठवला. १९१३मध्ये त्याचं गुरुस्थानी असलेल्या फ्रॉइडशी, म्हणजे मनोविश्लेषणाच्या जनकाशी फाटलं आणि हा माणूस आतून पार हलला. अडतिशीच्या आसपासचा, नावाजलेला मनोविकारतज्ज्ञ. आणि करायचा काय? जेवण झालं की झुरिक सरोवराच्या काठी दगड वेचून चिमुकलं गाव बांधत बसायचा, पेशंट येईपर्यंत! लहानपणीचाच खेळ. त्याला याची लाजही वाटायची, हे मला फार आवडतं. पुढे १९२३पासून त्याच सरोवराकाठी बोलिंगेनला त्याने दगडी बुरूजच बांधायला घेतला. तिथे वीज नाही, लाकडं स्वतः फोडायची.

माझं ऑफिसचं घोंगडं तसंच भिजत पडलंय. पण काल रात्रीसारखं छातीवर बसलेलं नाही.

धरण फुटलं, अर्थात. भाचा म्हणाला, "उद्या परत."

तुम्ही असे गप्प शेवटचे कधी झाला होतात?