कापलेल्या पट्ट्यांची संध्याकाळ

आमच्या सायकल मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात काकांचं भाषण झालं नाही असं एकही वर्ष आठवत नाही. भाषण दर वर्षी तेच. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून सुसाट खाली यायची. ब्रेक कसला, तर पॅडल उलटं दाबलं की मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब उघडा, नवीन ग्रीस भरा. म्हणून त्या रेसचं नावच ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, पडलं. गोष्ट धुरापाशी आली की मागच्या रांगेतून आम्ही सगळे एका सुरात ‘धूऽऽर’ म्हणायचो आणि काका चष्म्यावरून बघायचे. पुढे 1996 मध्ये हे डोंगरवाटांवरचं सायकलिंग, म्हणजे माउंटन बायकिंग, अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये गेलं, हे तर ते असं सांगतात की जणू स्वतःच पोचवून आले.

भाषण संध्याकाळी. त्याआधी सकाळपासून सहा तासांची रिले. चौघांची टीम, एका वेळी एकच जण वाटेवर, लॅप संपला की पुढच्याच्या हाती खूण द्यायची. सुरुवातीला ही खूण म्हणजे जुन्या हँडलबारचा वीतभर तुकडा होता. तो जर्सीच्या मागच्या खिशात ठेवून एक जण पाठीवर आपटला आणि महिनाभर पालथा झोपला, तेव्हा कुठे दंडाला बांधायचा कापडी पट्टा आला. एवढं साधं आधी कुणाला का सुचलं नाही, देव जाणे.

सुरुवात पळत व्हायची. सगळ्या सायकली लांब आडव्या ठेवलेल्या, शिट्टी झाली की धावत जाऊन आपली उचलायची. पहिल्या वर्षी मी दुसऱ्याचीच घेऊन निघालो. सीटवर बसल्यावर पाय पुरेनात, तेव्हा कळलं.

आमची टीम कधी जिंकली नाही. पडण्यात मात्र आमचा हात कुणी धरला नाही. त्यातलं माझं तिसऱ्या वर्षीचं पडणं अजून डोळ्यांपुढे आहे. रात्री पाऊस होऊन गेलेला, उतारावर झाडांची मुळं साबणासारखी. अशा मुळांवर ब्रेक मारायचा नाही, ती सरळ आडवी ओलांडायची, आणि नजर जिथे जायचंय तिथेच ठेवायची, हे मला पाठ होतं. पण वळणावर एक टोकदार दगड दिसला आणि नजर त्याच्यावरून हलेना. जिकडे नजर तिकडे चाक. घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला, आणि पुढचं आठवतं ते एकदम आभाळ. मग शांतता, आणि त्या शांततेत मागच्या चाकाची टिक-टिक-टिक.

हात टेकून पडू नका, धक्का वर चढतो आणि कॉलरबोन मोडते, अंग गोळा करून गडगडा, असं काकांनी शंभरदा सांगितलेलं. मी अर्थातच हात टेकला. हातमोजा फाटला, तळव्याची कातडी सोलवटली, हाड वाचलं. हे निव्वळ नशीब.

डिरेल्युअरचा, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्राचा, हँगर वाकून मोडला होता; हँगर म्हणजे ते यंत्र फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा. तो मुद्दाम कच्चा बनवतात, फ्रेमऐवजी तो मोडावा म्हणून. पण भर रेसमध्ये त्याचं कौतुक वाटत नाही. मागून दुसऱ्या टीमची एक ताई आली, थांबली, ‘शुद्धीत आहेस ना? आज वार कोणता?’ विचारलं, माझं उत्तर ऐकून हसली आणि आपलं चेन-टूल, म्हणजे चेनच्या कड्या काढायचं अवजार, टाकून गेली. डिरेल्युअर सोडवला, चेनच्या कड्या काढून ती तोकडी केली, एकाच गिअरवर उरलेला लॅप रेटला. चढावर सायकल ढकलत. पुढचा गडी पट्ट्यासाठी हात पुढे करून केव्हाचा ताटकळत उभा होता. त्याने मला एक शब्दही विचारला नाही, पट्टा ओढून घेतला आणि गेला. मला ते फार आवडलं.

काकांनी मात्र आधी हेल्मेट मागितलं. वरून नुसता एक ओरखडा. त्यांनी आतलं पॅड उचलून दाखवलं: फोमला केसाएवढी चीर. हा फोम एकदाच दबतो, धक्का पितो आणि संपतो. बाहेरून धडधाकट दिसणारं असं हेल्मेट दुसऱ्या कुणी उचलून घातलं तर घात. म्हणून मेळाव्यात पडणाऱ्याने स्वतःच्या हाताने हेल्मेटचे हनुवटीखालचे पट्टे कापायचे आणि ते मंडळाच्या भिंतीवर टांगायचं. तिथे माझी 2 आहेत. दुसऱ्याबद्दल मी बोलत नाही, ते पार्किंगमध्ये झालं.

गेल्या वर्षी कात्री धरायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्यांदाच रेसला आलेली एक मुलगी कोपराला पट्टी बांधून उभी होती. पट्टे कापताना तिला रडू येईल असं वाटलं होतं. तिने दोन्ही पट्टे कराकरा कापले, हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि खाली पडलेलं बकल हळूच उचलून खिशात टाकलं.