वही मिटल्यावर

"नेफ्रॉन काढून दाखव," मॅडम म्हणाल्या आणि कोरा कागद पुढे सरकवला.

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षातली ती माझी पहिलीच तोंडी परीक्षा. नेफ्रॉन म्हणजे मूत्रपिंडातली रक्त गाळणारी सूक्ष्म नळी, आणि मूत्रपिंडाचा धडा मी दोनदा फेअर केला होता. वहीचं पान डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होतं: आकृती उजव्या कोपऱ्यात, शीर्षकाखाली दुहेरी रेघ, भागांची नावं एकाखाली एक. पण त्या आकृतीत नेमकं काय होतं ते काही आठवेना. मी एक गोल काढला, त्यातून एक नळी बाहेर काढली आणि हात थांबला.

"नोट्स काढल्यास ना?"

"हो मॅडम, सगळ्या आहेत."

"मग रोज काय करतेस त्यांचं?"

"वाचते."

"वाचून झाल्यावर?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजपासून एवढंच कर. वाचून झालं की वही मिटायची आणि काय वाचलं ते कोऱ्या कागदावर लिहायचं. जमणार नाही. तरी लिही."

त्या संध्याकाळी मी माझ्या नोट्सकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. चार जाड वह्या. वर्गात लॅपटॉपवर मी सरांचं जवळजवळ प्रत्येक वाक्य टाइप करायचे, कारण माझा टायपिंगचा वेग चांगला आहे. मग संध्याकाळी तेच वहीत उतरवायचे आणि परीक्षेआधी हायलायटर फिरवायचे. काही पानं अशी होती की रंग न लागलेलं वाक्यच उरलं नव्हतं. यात रोजचे तीन तास जायचे आणि मी प्रामाणिकपणे समजत होते की हाच अभ्यास. खरं तर मजकूर कानातून बोटांत आणि बोटांतून कागदावर जात होता. मधे कुठेही मला थांबून विचार करावा लागत नव्हता.

पहिला बदल सोपा होता. लॅपटॉप बंद केला आणि पेन घेतलं. म्युलर आणि ओपनहायमर या दोन संशोधकांचा २०१४ सालचा एक अभ्यास याबद्दल खूप सांगितला जातो. लॅपटॉपवर लिहिणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे जास्त उतरवत होते आणि संकल्पनांवरच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडले होते. पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक इतका स्पष्ट आला नाही. म्हणून 'हाताने लिहिलं की लक्षात राहतं' असं मी कुणाला छातीठोकपणे सांगणार नाही. माझ्यापुरतं एवढं खरं की माझा हात सरांच्या बोलण्याइतका वेगाने चालत नाही. त्यामुळे कुठलं वाक्य सोडायचं हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवायचं तर आधी ऐकलेलं समजावं लागतं. जो शब्दन् शब्द न उतरवता, ऐकून निवडक तेवढंच टाइप करू शकतो, त्याने खुशाल टाइप करावं.

पहिले दोन आठवडे भीती वाटायची. काहीतरी सुटतंय, शेजारची सगळं लिहून घेतेय, परीक्षेत नेमकं तेच आलं तर? सुटायचंही. मग मी एक सवय लावली. जिथे धागा तुटला तिथे मोठं प्रश्नचिन्ह काढून दोन ओळी मोकळ्या सोडायच्या आणि तास संपल्यावर लगेच त्या भरायच्या. तास संपल्यानंतरच्या त्या दहा मिनिटांत जेवढं जागेवर बसतं, तेवढं रात्रीच्या तासाभरातही बसत नाही.

यानंतर मी कॉर्नेल पद्धत सुरू केली. वॉल्टर पॉक यांनी ती १९५०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात बसवली. डावीकडे सुमारे अडीच इंचांचा रुंद समास सोडायचा, उजवीकडच्या मोठ्या भागात तासाला नोट्स घ्यायच्या आणि खाली दोन इंच सारांशासाठी राखायचे. समासात खुणेचे शब्द किंवा प्रश्न नंतर लिहायचे. उजवा भाग झाकायचा आणि समासाकडे बघून उत्तर द्यायचं. शाळेत आपण समास आखतो तो बहुतेक बाईंच्या लाल शाईसाठी. इथे तो स्वतःसाठी असतो.

मी मात्र महिनाभर तो चुकीचा वापरला. समासात लिहायचे 'गाळणी', 'पुनर्शोषण', 'संप्रेरकं'. ही नुसती शीर्षकं होती. 'पुनर्शोषण' हा शब्द वाचला की मन म्हणायचं, हो, माहीत आहे, आणि पुढे जायचं. ओळखीचा चेहरा दिसला की नाव आठवल्यासारखं वाटतं ना, अगदी तसं. बोलायला गेलं की कळतं नाव आठवत नाहीये.

मग एका रविवारी मी सगळे शब्द खोडले आणि त्यांच्या जागी प्रश्न लिहायला बसले. मूत्रपिंडाच्या पानावर पहिला प्रश्न उतरला: 'दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. मग लघवी दीड लिटरच का होते?'

हे दोन्ही आकडे माझ्या वहीत पहिल्यापासून होते, पण दोन वेगळ्या पानांवर. ते शेजारी आले तेव्हा मी अक्षरशः पेन खाली ठेवलं. शरीरात रक्तद्रव जेमतेम तीन लिटर. म्हणजे तोच द्रव दिवसातून साठेक वेळा गाळला जातो आणि त्यातला सुमारे ९९ टक्के परत घेतला जातो! मग नेफ्रॉनची ती लांबलचक वळणावळणाची नळी कशासाठी आहे हे आपोआप उलगडलं. परत घेण्यासाठी. पहिल्याच वळणात साधारण दोनतृतीयांश परत जातं. पुढचा लूप, म्हणजे नळीचा खाली उतरून पुन्हा वर चढणारा भाग, आसपासच्या भागात क्षार साठवतो आणि शेवटच्या नळीत, शरीराला गरज असेल तसं, एका संप्रेरकाच्या हुकमावर पाणी आत खेचलं जातं. दोनदा फेअर करूनही न आठवलेली आकृती त्या दिवशी मी न बघता काढली, कारण आता प्रत्येक वळणाला काम होतं.

तेव्हापासून प्रश्न लिहिण्यातच माझा सर्वांत जास्त वेळ जातो आणि तो जावा असंच मला वाटतं. 'व्याख्या लिहा' छापाचे प्रश्न मी टाळते. 'हे नसतं तर काय झालं असतं?', 'या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात का?' असे प्रश्न धड्याला हलवतात. सगळीकडे हे चालत नाही. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या (नर्व्हच्या) जोड्या १२, त्यांची नावं आणि क्रम. इथे 'का' विचारून फारसं हाती लागत नाही. ते सरळ पाठ करावं लागतं. त्यासाठी मी छोटी कार्डं केली आणि त्यांचे गठ्ठे पाडले. आलं ते कार्ड पुढच्या गठ्ठ्यात, जो कमी वेळा काढायचा. चुकलं ते पहिल्या गठ्ठ्यात, जो रोज काढायचा.

कोऱ्या कागदाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मॅडमनी सांगितलं होतं तसंच झालं, जमलं नाही. पहिल्या दिवशी अर्ध्या पानाच्या वर काही आलं नाही आणि जे आलं त्यातही चुका. वाचताना वाटणारा आत्मविश्वास त्या कागदासमोर गळून पडायचा. अनेकदा वाटलं, यापेक्षा अजून एकदा वाचलेलं बरं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हा जरा धीर आला. त्यात काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं. मला फसवत होती ती हीच पाच मिनिटं. वही मिटल्या मिटल्या सगळं येतंय असं वाटायचं आणि मी उठायचे.

कधी आठवायचं, हेही हळूहळू ठरत गेलं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली विसरण्याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करायचे आणि काही काळाने ते पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो ते बघायचं, अशी त्याची रीत. सुरुवातीच्या काही तासांत घसरण सर्वांत तीव्र होती, नंतर ती मंदावत गेली. आपले धडे निरर्थक नसतात, त्यामुळे त्याचे आकडे मी आपल्यावर लादणार नाही. पण वेळापत्रक त्यावरूनच केलं: त्याच संध्याकाळी एकदा, तीन दिवसांनी एकदा, मग आठवड्याने, मग महिन्याने. प्रत्येक वेळी उजवा भाग झाकलेला. अडलेल्या प्रश्नापुढे तारखेसह टिंब. तीन टिंबं पडली की तो प्रश्न मी आठवत बसत नाही, पुस्तक उघडून मुळापासून पुन्हा समजून घेते. जे तीनदा आठवत नाही ते बहुधा कळलेलंच नसतं.

रंगांची पद्धत मी सोडून दिली. माइंड मॅप काढून पाहिले, दिसायला सुंदर झाले. पण माझा वेळ फांद्या वळवण्यात जायला लागला, म्हणून तेही सोडले. दुसऱ्या कुणाला त्यांचा उपयोग होत असेल. खालचा सारांश मात्र मी चुकवत नाही, आणि तो वही मिटूनच लिहिते. तीन वाक्यं, त्यापेक्षा जास्त नाही.

वार्षिक परीक्षेआधी वर्गातल्या मैत्रिणीने माझी वही मागून नेली. दुसऱ्या दिवशी परत घेऊन आली.

"अगं, यात नुसते प्रश्नच आहेत. उजवीकडचं तर अर्धं तुझ्या खुणांचंच आहे. मी वाचू काय?"

"वाचू नकोस. मला विचार."

आम्ही ग्रंथालयाबाहेरच्या पायऱ्यांवर बसलो. ती समासातले प्रश्न विचारत गेली, मी सांगत गेले, आणि मधेच तिने वहीत नसलेला एक प्रश्न टाकला: "लूपच्या उतरत्या भागातून पाणी बाहेर जातं, मग चढत्या भागातून का जात नाही? नळी तर एकच आहे."

मला आलं नाही. तिलाही येत नव्हतं. मी वही तिच्या हातून घेतली, समासात तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहिला, पुढे पहिलं टिंब दिलं, आणि आम्ही दोघी पुस्तक शोधायला आत गेलो.