सोर्समध्ये .डी.टीएस फाइल लिहू नका

आमच्या बॅकएंड आणि फ्रंटएंडच्या मध्ये टाइपस्क्रिप्टमधलं एक छोटंसं एनपीएम पॅकेज (दोन्हीकडे इन्स्टॉल करून वापरायचा सामायिक कोड) आहे. ऑर्डर, पेमेंट, युजर यांचे इंटरफेस (कुठल्या डेटात काय काय असतं ते सांगणारे टाइप्स), बाकी त्यात फारसं काही नाही. ते मी सांभाळते. टीममध्ये नवीन कुणी आलं की त्याची पहिली पुल रिक्वेस्ट बहुतेक वेळा एकाच छापाची असते: एसआरसी (सोर्स) फोल्डरमध्ये 'टाइप्स.डी.टीएस', आणि सगळे इंटरफेस तिच्यात. मी ती परत पाठवते. नाव 'टाइप्स.टीएस' कर, बाकी सगळं ठीक.

लगेच प्रश्न येतो, "पण यात फक्त टाइप्सच आहेत ना?" आहेत की. पण टीएससीच्या, म्हणजे टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरच्या, लेखी .डी.टीएस (फक्त टाइप्सची डिक्लरेशन फाइल) ही आधीच तयार झालेली फाइल. टीएससी ती वाचतो, तपासतो, पण डिस्टमध्ये, म्हणजे पब्लिश होणाऱ्या बिल्डच्या फोल्डरमध्ये, कॉपी करत नाही. 'डिक्लरेशन' (.टीएसमधून .डी.टीएस काढून देणारं सेटिंग) ऑन असलं तरी नाही. डिस्टमधल्या इंडेक्स.डी.टीएसमध्ये './टाइप्स'चा इम्पोर्ट मात्र जसाच्या तसा राहतो, आणि ती फाइल पॅकेजमध्ये नसतेच.

आता यावर वापरणाऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये बोंब व्हायला हवी. होत नाही, कारण तिथे बहुधा 'स्किपलिबचेक' (.डी.टीएस फाइल तपासू नको, असं सांगणारं सेटिंग) ट्रू असतं. नवीन प्रोजेक्टची सेटिंग्ज बनवणारं 'टीएससी --इनिट'च ते तसं लिहून देतं. नोड मॉड्यूल्समधल्या डिक्लरेशन्समधली चूक दाबली जाते आणि न सापडलेला टाइप गुपचूप 'एनी' (काहीही चालेल, तपासणी नाही) होतो. ऑर्डर.अमाउंटवर माउस नेला की 'नंबर'ऐवजी 'एनी' दिसतं, आणि ऑर्डर.अमाऊऊंट लिहिलं तरी कंपायलर मान डोलावतो. बिल्ड हिरवा. असं पॅकेज असण्यापेक्षा नसलेलं बरं, निदान कुणी त्याच्या भरवशावर तरी राहत नाही.

कॉपी करणारी स्क्रिप्ट लिहून हे भागवता येतं, लोक भागवतातही. पण साध्या .टीएस फाइलमधून कंपायलर स्वतःच डिक्लरेशन काढून देत असताना तो उपद्व्याप कशाला?

बाकीच्या दोन गोष्टी थोडक्यात. पॅकेज.जेसनमध्ये 'एक्स्पोर्ट्स' (पॅकेजमधली कुठली फाइल कधी द्यायची त्याची यादी) वापरत असाल तर 'टाइप्स' ही कंडिशन सगळ्यात वर ठेवा. वरून खाली बघताना पहिली जुळेल तीच घेतली जाते. आणि तुमच्या इंटरफेसमध्ये दुसऱ्या लायब्ररीचा टाइप डोकावत असेल, समजा एक्स्प्रेसचा रिक्वेस्ट, तर '@टाइप्स/एक्स्प्रेस' हे डिपेंडन्सीजमध्ये हवं. डेव्ह डिपेंडन्सीजमध्ये ठेवलं तर ते तुमच्याच मशीनवर राहतं, आणि वापरणाऱ्याच्या हाती पुन्हा 'एनी'.

हे सगळं पब्लिश करण्याआधी पकडायचं तर रेपोच्या आत तपासून उपयोग नाही, तिथे सोर्स हाताशी असतो. आमच्या सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमध्ये) 'एनपीएम पॅक' चालतं, निघालेला टारबॉल (पब्लिश होणारं पॅकेज एका फाइलमध्ये बांधलेलं) एका रिकाम्या प्रोजेक्टमध्ये इन्स्टॉल होतो आणि तिथे 'स्किपलिबचेक' फॉल्स ठेवून टीएससी धावतो. त्या प्रोजेक्टमध्ये एक ओळ मुद्दाम चुकीची आहे: अमाउंटला स्ट्रिंग दिलेली, आणि तिच्या डोक्यावर '@टीएस-एक्स्पेक्ट-एरर' (पुढच्या ओळीत चूक अपेक्षित आहे, असं कंपायलरला सांगणारा डायरेक्टिव्ह). टाइप नीट पोहोचला असेल तर चूक अपेक्षितच असते, काही होत नाही. तो 'एनी' झाला असेल तर चूक उरतच नाही, आणि मग 'हा डायरेक्टिव्ह वापरला गेला नाही' म्हणून टीएससीच एरर देतो. टाइपस्क्रिप्ट 3.9 पासून ही सोय आहे.