वेताळाच्या चपला

कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फॅन्टम, तो मुखवटा आणि कवटीची अंगठी घालणारा, त्याच्या जंगलात वाघ पण होते, सिंह पण होते, वर बुटके पिग्मी पण, मग हे जंगल नक्की आहे तरी कुठे? चौथीत असताना दादाला विचारलं होतं, तर तो म्हणाला गप वाच नाहीतर दे इकडे. (इंद्रजाल कॉमिक्स हो, टाइम्सवाल्यांचं, १९६४ ते १९९०. आमच्या घरी एका अंकावर तिघं तुटून पडायचो.)

उत्तर फार उशिरा कळलं. ली फॉकने फॅन्टम सुरू केला १९३६ ला. तेव्हा अमेरिकेत काय चालत होतं, तर टारझनचे सिनेमे, झोरोचा मुखवटा, समुद्री चाचे, किपलिंगच्या जंगल बुकातलं जंगल, आणि या पठ्ठ्याने सगळंच एका पातेल्यात टाकलं. त्या पिग्मींच्या बांदर टोळीचं नाव वाचून किपलिंगची माकडं आठवतातच. फॅन्टमच्या डोळ्यात बुबुळं नाहीत ते ग्रीक पुतळ्यांवरून, आता त्या पुतळ्यांना मुळात रंगवलेली बुबुळं होती, रंग उडाला म्हणून कोरे दिसतात हे सोडा, दिसतं भारी! जंगल आधी आशियात होतं, नाव बेंगाली, मग हळूहळू सरकत आफ्रिकेत गेलं पण वाघ काही हलले नाहीत. आपल्याकडे आल्यावर इंद्रजालवाल्यांनी बेंगालीचं डेंकाली केलं आणि त्याच्या शत्रूंचं, सिंग चाच्यांचं सिंगा, उगाच कोणाला लागायला नको.

इंद्रजालमधलाच आपला देशी हिरो बहादूर पण तसाच. १९७५ ला शोले, डाकूंच्या पिक्चरची लाट, आणि १९७६ ला आबिद सुरतींचा बहादूर हजर, बाप डाकू, पोरगा डाकूंच्याच मागे. भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. एवढ्या एका कपड्यात अख्खं ते दशक दिसतं राव.

पण मला खरी कमाल वाटते ती नावाची. फॅन्टमचा वेताळ ज्याने कोणी केला त्याला साष्टांग नमस्कार. तिकडे त्याला चालतं भूत म्हणतात, आणि आमच्या तळकोकणात वेतोबा, म्हणजे देव झालेला वेताळच, खरंच चालतो! वेंगुर्ल्याजवळ आरवलीला त्याचं देऊळ आहे, लोक नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात म्हणे. केळ्यांचे घड पण असतात, पण लहानपणी मी फक्त चपलाच बघत बसायचो. माझ्या डोक्यात हा वेतोबा आणि कॉमिक्समधला वेताळ एकच होते. मूर्ती उंच, हातात तलवार, सगळं जुळत होतं, म्हणून मी ऐन गाभाऱ्यासमोर आजीला मोठ्याने विचारलं, आजी याची कवटीची अंगठी कुठाय गं?

पाठीत असा धपाटा बसला की बस.