राखायची राहिलेली जागा

हर्णै. शिबिराचा चौथा दिवस, रात्र.

सगळे वर चित्रं मांडून बसलेत. मी माझं मांडलंच नाही.

झालं एवढंच. सकाळी ओहोटीला पुळणीवर बसले होते. समोर सुवर्णदुर्ग, ऊन पाठीमागून, त्यामुळे तट पुरता उजळलेला. दुपारनंतर तोच किल्ला नुसता काळा दिसतो. हवा दमट, पहिला वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, वाळता वाळेना. माझ्या आणि होड्यांच्या मधे एक मावशी जवळा वाळत घालत होत्या. डोक्याला पांढरा पंचा. एका हाताने फडक्यावर जवळा पसरायचा, दुसऱ्याने कावळे हाकायचे. निघताना माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बाय, मी कुठं हाय यात?"

नव्हत्याच.

मला माणसं जमत नाहीत, हे कारण मी किती वर्षं देतेय. बाबा असते तर... जाऊ दे.

जलरंगात पांढरं लावत नाहीत, राखतात. नखाएवढा कागद कोरा सोडला असता तरी तो पंचा झाला असता. मी तिथून ओल्या वाळूचा वॉश सरळ ओढून नेला, रॉ सिएन्नात थोडा अल्ट्रामरिन. खोलीवर येऊन पोस्टर व्हाइटचा ठिपका देऊन बघितला. वरून चिकटवल्यासारखा दिसला. पुसला, तर कागदाचा पापुद्राच निघाला.

त्या दिसत नव्हत्या असं नाही. बुरूज नीट दिसावा म्हणून मी सारखी मान तिरकी करत होते. मला त्या आड येत होत्या. हे लिहितानाही लाज वाटतेय.

रजा काढून, घरच्यांचं ऐकून घेऊन इथे यायचं आणि चार दिवसांत एक चित्र धड नाही. नीलाताईचे किल्ले बघितले की बॅग भरावीशी वाटते.

पण मावशी रागावल्या नाहीत. वाकून चित्रातल्या फडक्यावर बोट नेलं. "जवळा बरोबर काढलास. ओला हाय तवर असाच दिसतो." बर्न्ट सिएन्नात किंचित गुलाबी सोडला होता, दोन्ही ओले असतानाच. तेवढ्या तुकड्यात मी खरंच रमले होते. मग त्यांनी मूठभर जवळा वर्तमानपत्रात बांधून दिला. माझ्या सगळ्या कागदांना आता त्याचा वास आहे.

परवा सर आबालाल रहिमानांबद्दल सांगत होते. कोल्हापूरचं कोटितीर्थ तळं त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवलं. तेव्हा मी अर्धवटच ऐकलं.

उद्या ओहोटी सुमारे ५० मिनिटं उशिरा, म्हणजे ऊन चढलेलं असेल, सावल्या आखूड. जवळ्याला अजून एक ऊन लागेल म्हणाल्या, म्हणजे येतील. नवा कागद टेप लावून ठेवलाय. त्यावर पेन्सिलीने फक्त पंच्याएवढी खूण केलीये. किल्ला कुठे बसतो ते उद्या बघू.