लाल ठिपका

आधीच कबूल करतो. दोष रायफलीच्या ट्रिगरमध्ये नव्हताच, आणि मी तीन दिवस ट्रिगरच उघडून बसलो होतो.

शुक्रवार पेठेत माझी एक खोली आहे. तिला दुकान म्हणायची लाज वाटते. एक बाक, एक वाइस, कुलूप लावायचं लोखंडी कपाट. टार्गेट शूटिंगच्या एअर रायफली दुरुस्तीला येतात. उमेदीची वर्षं पिंपरीतल्या एका टूलरूममध्ये गेली, त्यामुळे शतांश मिलिमीटरशी माझं बरं जमतं. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं आणि पुण्यात माळ्यावरच्या बंदुका धडाधड खाली उतरल्या. त्यातल्या निम्म्या जत्रेत फुगे फोडायच्या लायकीच्या असतात.

ही तशी नव्हती. फाइनवेर्कबाउ ३००एस, जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फची. सत्तरच्या दशकात दहा मीटरच्या रेंजवर हिचा दबदबा होता. बाजूची दांडी मागे ओढली की स्प्रिंग दाबली जाते, आणि गोळी सुटताना वरचा भाग बॅरलसकट रुळावर मागे सरकतो. खांद्याला धक्का असा लागतच नाही. घेऊन आली ती अकरावीतली मुलगी, सोबत वडील. तक्रार तिने एका वाक्यात सांगितली, "काका, कधी मी ठरवायच्या आधीच सुटते आणि कधी ठरवलं तरी सुटत नाही."

मे महिन्यात बालेवाडीच्या रेंजवर ठीक चालली होती. जुलैपासून बिघडली. एकदा तर बोट नुसतं टेकवताना सुटली आणि पेलेट शेजारच्या लेनच्या कार्डावर. कोचने तिथल्या तिथे निकाल दिला, "सिअर गेलाय, नवीन रायफल घ्या." सिअर म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत पिस्टन अडवून धरणारा आतला खटका. हल्ली ट्रिगरचं काहीही बिघडलं की सिअर गेलेला असतो. नवीन रायफल म्हणजे किती लाख, हे सांगताना मात्र कोच मंडळींचा आवाज खाली येतो.

या ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात बोट मऊसूत मागे जातं आणि एका जागी अडतं. तिथे थांबायचं, श्वास धरायचा, निशाण बघायचं. मग अगदी थोडा दाब, आणि काच तडकावी तसं सुटलं पाहिजे. दहा मीटरवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तेव्हा त्या शेवटच्या दाबात बोट चाचपडलं की संपलं. एअर पिस्तुलाला ट्रिगरचं वजन निदान ५०० ग्रॅम लागतं. रायफलीला अशी अट नाही, म्हणून पालक येऊन सांगतात, "एकदम हलका करून द्या." हलका करणं सोपं आहे हो. रोज तेवढ्याच वजनाला सुटणं अवघड.

वजन मोजायचं माझं यंत्र घरगुती आहे, पण मला त्याचा अभिमान आहे. रायफल बाकावर आडवी बांधायची, तोंड पुट्टी भरलेल्या लाकडी खोक्याकडे. ट्रिगरच्या पात्याला दोरा, दोरा बाकाच्या कडेला बसवलेल्या कप्पीवरून खाली, खाली पितळी पारडं. त्यात सराफी वजनं एकेक करून ठेवत जायची. स्प्रिंगची रायफल रिकामी उडवायची नसते, पिस्टन समोर आपटतो. म्हणून प्रत्येक मोजणीला एक पेलेट खर्ची पडतं. पहिल्या पाच मोजण्या अशा आल्या: १४०, २१०, १६५, २९०, १५० ग्रॅम. आणि चौथ्या वेळी मी वजन काढून घेतलं तर पातं पुढे आलंच नाही. जिथे होतं तिथेच बसून राहिलं.

इथेच मला कळायला हवं होतं. पातं परत यायचं थांबतं ते बहुधा काहीतरी घासत असलं तर. पण कोचचा शब्द डोक्यात बसला होता.

ट्रिगर उघडला. आतलं जुनं ग्रीस काकवीसारखं घट्ट झालेलं, त्यावर कुणीतरी शिलाई मशीनचं तेल सोडलेलं. तेल सोडणारे लोक हा माझा स्वतंत्र विषय आहे. दुसऱ्या टप्प्याच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता, अर्धा स्क्रूच्या डोक्यावर, अर्धा शेजारच्या धातूवर. कुणा हौशी माणसाचे उद्योग, असं म्हणून मी तो खरवडला. टूलरूममध्ये आम्हीच सेट केलेल्या स्क्रूंवर पिवळा रंग मारायचो, जागा हलली तर कळावी म्हणून. तरीही खरवडला.

सगळं धुतलं, सिअरची कड भिंगाखाली पाहिली. आरशासारखी. स्क्रू फिरवून ट्रिगर नव्याने बसवला, दांडी ओढून पेलेट भरलं, मागच्या बाजूला रबरी हातोडीने टकटक केली. सुटला नाही. दस्त्याच्या लाकडाबाहेर मोजलं: १७८, १८०, १८०, १८२. चहा मागवला.

दस्त्यात बसवून बोल्ट आवळले. १५५. २४०. १९०.

मग तीच वेड्यासारखी फेरी. बाहेर काढा, स्क्रू फिरवा, बसवा, मोजा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली आणि मी मोबाइलचा टॉर्च खालून धरला. पात्याच्या डाव्या अंगावर केसाएवढी चकचकीत रेघ दिसली. पातं गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीच्या, खाचेला घासत होतं. ट्रेसिंग पेपरची पट्टी उजवीकडून सुळकन गेली, डावीकडे अडकली.

मुलीच्या वडिलांना फोन केला, "रायफल ठेवता कुठे?" वाड्यात, माळ्यावर, गळक्या भिंतीला टेकवून. पावसाळ्यात अक्रोडाचं लाकूड फुगलं, गार्ड किंचित तिरका झाला, आणि बोल्ट जितका आवळावा तितका पात्यावर रेलत गेला. पटाशीने लाकडाचा कागदाएवढा थर काढला, गार्ड सरळ बसवला, कच्च्या लाकडावर मेण घासलं. बोल्ट दोन्ही बाजूंनी सारखे आवळले. १८०, १८१, १८०.

खूश होऊन सगळं सांगितलं. वडील म्हणाले, "वा! आत्याने लावलेलं सेटिंग तसंच आहे ना? तिने लाल खूण करून ठेवली होती."

मी विचारलं, "आत्याने?"

"अहो, रायफल तिचीच. ऐंशीच्या दशकात कॉलेजकडून खेळायची."

आणि मी तीन दिवस मनात रायफलीच्या मालकाला 'आजोबा' म्हणत होतो. नेलपॉलिश समोर असून.

खूण गेली होती, किती आटे फिरवले ते मी मोजले नव्हते. तसं सांगून टाकलं. रविवारी बाई स्वतः आल्या, साठी ओलांडलेल्या, काठी घेऊन. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. खुर्चीवर बसून रायफल टेबलावर टेकवली, खोक्याकडे तोंड करून एक गोळी उडवली. "जड आहे." मी स्क्रू पाव आटा फिरवला. "अजून." आणखी थोडा. चौथ्या गोळीनंतर डोळे मिटून पाचवी उडवली आणि मान हलवली.

मी हातोडीची टकटक केली, कप्पीवर मोजलं. १५५.

"पूर्वी एवढंच होतं का?" मी विचारलं.

"बोटाला ग्रॅम कळतात होय?" त्या म्हणाल्या, आणि पेलेटचा डबा पुढे ओढला.